वडोदऱ्याहून नाशिकच्या द्राक्षखोऱ्यांत: वाइन चाखण्याच्या प्रवासाची सविस्तर आखणी

भारतात वाइनसाठी लावलेल्या द्राक्षांचा सर्वांत मोठा पट्टा नाशिक जिल्ह्यात आहे, आणि वडोदऱ्याहून सापुताऱ्याच्या वाटेने निघालेला प्रवासी त्या पट्ट्यात थेट दिंडोरीच्या बाजूने शिरतो. वणीच्या देवीला वर्षाआड जाणाऱ्या वडोदऱ्यातील अनेक मराठी कुटुंबांना हा रस्ता पाठ आहे. रस्त्याच्या दोन्ही अंगांना दिसणाऱ्या बागांत खाण्याची द्राक्षे कोणती आणि वाइनची कोणती, हे मात्र त्यांतील फार थोड्यांना सांगता येते. नाशिक खोऱ्यातील वाइनला भौगोलिक मानांकन मिळालेले आहे. तालुका बदलला की माती, पाऊस आणि रात्रीची थंडी बदलते आणि त्याबरोबर एकाच द्राक्षाची चवही बदलते. हा फरक जिभेने ओळखता यावा, अशा बेताने हा प्रवास कसा आखावा, ते येथे क्रमाने सांगितले आहे.

वडोदऱ्याच्या प्रवाशासाठी आखणीचे गणित मुंबई-पुण्याच्या पर्यटकापेक्षा वेगळे असते. पुण्याचा माणूस आवडलेल्या सहा बाटल्या गाडीत ठेवतो आणि चार महिन्यांनी घरी उघडून पुन्हा चाखतो; गुजरातमध्ये दारूबंदी असल्याने आपल्याला ती सोय नाही. त्यामुळे जी तुलना करायची ती तेथेच, त्याच दिवशी करावी लागते आणि स्मरणात ठेवायचे ते कागदावर उतरवावे लागते. पुढील सर्व सूचना या एका अडचणीला धरून दिल्या आहेत. माझ्या मते या अडचणीचा फायदाच अधिक होतो, कारण बाटल्या जमवण्याचा मोह नसला की माणूस पेल्याकडे नीट लक्ष देतो.

कायद्याची बाजू प्रथम

गुजरातमध्ये राज्यस्थापनेपासून, म्हणजे १९६० पासून, दारूबंदी लागू आहे. वाइन हे सौम्य पेय आहे, सीलबंद बाटली आहे, भेट म्हणून मिळाली आहे, पावती जवळ आहे, यांपैकी कोणताही युक्तिवाद हद्दीवरच्या नाक्यावर चालत नाही. आरोग्याच्या कारणासाठी मिळणारा परवाना असला, तरी तो बाहेरच्या राज्यातून बाटली आणण्याची सरसकट मुभा देत नाही. रिकामी शोभेची बाटली आणण्याचा विचारही सोडून द्यावा. तीवरून नाक्यावर उगाच प्रश्नोत्तरे होतात. परतीच्या दिवशी तर वाइन मुळीच घेऊ नये, कारण महाराष्ट्रात घेतलेले मद्य शरीरात असताना हद्द ओलांडली, तरी अडचण उभी राहू शकते. चाखण्याचा शेवटचा कार्यक्रम परतीच्या आदल्या दिवशी दुपारी संपेल, अशीच आखणी करावी.

महाराष्ट्रात वाइनसाठी किमान वय २१ वर्षे आहे. मद्यसेवनाला परवाना लागतो आणि एका दिवसाचा परवाना नाममात्र शुल्कात मिळतो. वयाचा पुरावा प्रत्येकाने स्वतःजवळ ठेवावा. मोटार वाहन कायद्यानुसार चालकाच्या १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल आढळल्यास तो गुन्हा ठरतो. एका टेस्टिंगमध्ये सहा वाइनचे प्रत्येकी ४० मिलिलिटर घोट घेतले, तर २४० मिलिलिटर वाइन पोटात जाते, आणि वाइनमधील अल्कोहोल १३ टक्के धरल्यास शुद्ध अल्कोहोल सुमारे २५ ग्रॅम होते. ‘नुसते चाखले’ म्हणणारा चालक या हिशेबात सहज मर्यादेबाहेर जातो. त्यामुळे नाशिकमध्ये दिवसभराची गाडी चालकासह ठरवावी आणि स्वतःची गाडी मुक्कामीच ठेवावी.

कोरड्या दिवसांकडेही, म्हणजे मद्यविक्री बंद असलेल्या दिवसांकडेही, लक्ष असावे. २६ जानेवारी हा नेमका हंगामाच्या मध्यात येतो आणि जोडून सुट्टी मिळते म्हणून पुष्कळांची पावले त्याच दिवशी तिकडे वळतात. त्या दिवशी बाग पाहता येईल, वाइन मिळणार नाही. निवडणुकीचे मतदान आणि राज्य सरकारने जाहीर केलेले इतर कोरडे दिवस तारीख ठरवण्याआधी वाइनरीला विचारून घ्यावेत.

केव्हा जावे

थंड देशांतील द्राक्षवेल हिवाळ्यात झोपते आणि वर्षातून एकदाच छाटली जाते. नाशिकच्या हवेत वेल कधीच पूर्ण विश्रांती घेत नाही, म्हणून येथे तिची दोनदा छाटणी करावी लागते. एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी होते. तिच्यानंतर येणाऱ्या काड्यांत पुढच्या घडांची तयारी होते. पावसाळा सरताना, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, गोड्या बहाराची छाटणी होते आणि त्या फुटीवर घड लागतात. वाइनच्या द्राक्षांची तोडणी डिसेंबरच्या अखेरीपासून मार्चपर्यंत चालते. स्पार्कलिंग (बुडबुड्यांच्या) आणि पांढऱ्या वाइनची द्राक्षे आंबटपणा टिकावा म्हणून आधी तोडतात, लाल वाइनची मागाहून.

म्हणून जानेवारीच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या अखेरीपर्यंतचा काळ सर्वांत उत्तम. या दिवसांत बागेत घड असतात, वाइनरीत ताजा रस फसफसत असतो, रात्री थंड आणि दिवस कोरडे असतात. शक्य असल्यास आठवड्याच्या मधल्या दिवशी जावे. शनिवार-रविवारी मोठ्या वाइनरींत मुंबईची गर्दी इतकी असते, की पेला भरणाऱ्या माणसाला प्रश्न विचारायलाही सवड मिळत नाही. पावसाळ्यात डोंगर अतिशय देखणे दिसतात, परंतु तेव्हा वेलीवर घड नसतात. ज्यांना केवळ चाखायचे आहे त्यांनी तेव्हाही जावे. एप्रिल-मे मात्र टाळावा. छाटलेली बोडकी बाग आणि चाळिशीकडे झुकणारे ऊन यांत कोणतीच वाइन चांगली लागत नाही. २०२७ मध्ये नाशिक-त्र्यंबकेश्वरला सिंहस्थ आहे, त्या काळात मुक्कामाची व्यवस्था फार आधी करावी लागेल.

दोन द्राक्षे निवडावीत

बहुतेक पर्यटक वाइनरीत जाऊन समोर येईल ते चाखतात आणि तिसऱ्या ठिकाणी पोहोचेपर्यंत पहिल्या ठिकाणचे विसरतात. त्याऐवजी एक पांढरे आणि एक लाल द्राक्ष आधीच निवडावे आणि प्रत्येक वाइनरीत प्रथम तीच दोन मागावीत. बाकीचे सगळे त्यानंतर.

पांढऱ्यांत शेनिन ब्लांक घ्यावे. मूळचे फ्रान्समधील लुआर खोऱ्याचे हे द्राक्ष नाशिकमध्ये चांगले रुजले आहे, बहुतेक ठिकाणी मिळते, आणि कोरडी (म्हणजे गोडी नसलेली), किंचित गोडसर, स्पार्कलिंग आणि उशिरा तोडलेल्या द्राक्षांची गोड अशा चारही रूपांत भेटते. सोव्हिन्यों ब्लांक अधिक ठसठशीत असते. त्यात पेरू, गवती चहा आणि हिरव्या मिरचीच्या सालीसारखा वास येतो, म्हणून नवख्याला ते ओळखायला सोपे जाते. तरीही खोऱ्याखोऱ्यांतील फरक दाखवण्याच्या कामी मला शेनिन अधिक बोलके वाटते, कारण त्याचा स्वतःचा सूर मवाळ असतो आणि त्यामुळे पिकवण्याची आणि बनवण्याची पद्धत त्यातून सरळ दिसते. लालांत शिराझ घ्यावे. त्याला जांभूळ, करवंद आणि काळी मिरी यांची आठवण करून देणारा वास असतो. यातील मिरीचा वास कल्पनेतला नाही. रोटंडोन नावाचे संयुग काळ्या मिरीत आणि शिराझच्या सालीत, दोन्हीकडे आढळते.

नाशिकची स्वतःची अशी देशी वाइनची जात नाही, हे येथे स्पष्ट केलेले बरे. खाण्यासाठी आणि बेदाण्यासाठी प्रसिद्ध असलेले थॉमसन सीडलेस गोड, पातळ सालीचे आणि मोठ्या मण्याचे असते. वाइनचे द्राक्ष लहान मण्याचे, जाड सालीचे आणि बियांचे असते. लाल वाइनचा रंग आणि तुरटपणा सालीतून आणि बियांतून येतो, म्हणून लहान मणी येथे फायद्याचा ठरतो. बागेत परवानगी घेऊन एक मणी चाखता आला तर जरूर चाखावा आणि बी दाताखाली फोडून पाहावी. तो तुरटपणा एकदा जिभेवर आला, की पेल्यातला तुरटपणा ओळखायला वेळ लागत नाही.

वाट आणि मुक्काम

वडोदऱ्याहून राष्ट्रीय महामार्गाने भरूच, अंकलेश्वर, नवसारी करत चिखलीपर्यंत यावे, तेथून वांसदा, वघई आणि डांगच्या जंगलातून सापुतारा गाठावा, आणि घाट उतरून हातगड, बोरगाव, वणी, दिंडोरी या मार्गाने नाशिकला पोहोचावे. एकूण अंतर पावणेचारशे ते चारशे किलोमीटर भरते. वघईच्या पुढचा रस्ता वळणांचा आहे आणि तो उजेडात पार केलेला चांगला, म्हणून पहाटे निघावे. रेल्वेने जायचे असल्यास मुंबईमार्गे गाडी बदलून नाशिक रोड स्थानकावर उतरावे लागते. वेळ फारसा वाचत नाही आणि दिंडोरीची वाट चुकते, म्हणून मी रस्त्याचीच शिफारस करतो.

बरोबर वडीलधारी मंडळी असतील, तर सप्तशृंगीचे दर्शन जातानाच उरकावे. नांदुरीहून गडावर गाडीरस्ता आहे आणि वर पायऱ्यांना पर्याय म्हणून २०१८ पासून फ्युनिक्युलर ट्रॉली सुरू झाली आहे. दर्शन आधी आणि चाखणे नंतर, हा क्रम घरातील सर्वांच्या मनाला पटतो. उलट क्रमाने कुणाला तरी संकोच होतोच. इतिहासाची आवड असेल त्यांनी हेही ध्यानात ठेवावे, की तिसरे सयाजीराव महाराज १८६३ मध्ये याच जिल्ह्यातील मालेगावजवळच्या कवळाणे गावी जन्मले. ते गाव मात्र या वाटेवर नाही आणि त्यासाठी वेगळा दिवस काढावा लागतो.

मुक्काम दोन ठिकाणी करता येतो. गंगापूर धरणाच्या बाजूला राहिल्यास बागा जवळ पडतात, परंतु हंगामात दर चढे असतात. नाशिक शहरात राहिल्यास सर्व दिशा सारख्या अंतरावर येतात. चाखण्यासाठी तीन पूर्ण दिवस ठेवावेत आणि एका दिवसात दोनपेक्षा जास्त वाइनरी घेऊ नयेत. तिसऱ्या ठिकाणी जीभ थकलेली असते आणि वहीत लिहिण्यासारखे काही उरत नाही.

खोऱ्यांचा क्रम

पहिला दिवस दिंडोरीसाठी. कादवा नदीच्या या तालुक्यात मुरमाड उताराच्या जमिनी आहेत आणि त्यांतून पाण्याचा निचरा लवकर होतो. वेलीला पाणी जरा तोलून मिळाले की मणी लहान राहतो आणि रस दाट होतो. सुला कंपनीचे दिंडोरी रिझर्व्ह शिराझ याच भागाच्या नावाने विकले जाते आणि ओक लाकडाच्या पिंपात मुरवलेले असते, म्हणून आपल्या शिराझच्या मालिकेची सुरुवात त्याच्यापासून करणे सोयीचे. फ्रान्सच्या मोएट हेनेसीची शांडोन ही वाइनरीही दिंडोरीतच आहे. तिची नाशिकमध्ये बनलेली स्पार्कलिंग वाइन २०१३ मध्ये बाजारात आली. येथे आधी नोंदणी करून वेळ ठरल्याशिवाय जाऊ नये.

दुसरा दिवस गंगापूर धरणाच्या परिसरासाठी. भारतीय वाइनच्या अलीकडच्या इतिहासात या परिसराचे स्थान मोठे आहे. राजीव सामंत यांनी येथे १९९७ मध्ये सोव्हिन्यों ब्लांक आणि शेनिन ब्लांकची लागवड केली, आणि २००० साली सुलाची पहिली वाइन बाजारात आली. महाराष्ट्र शासनाचे द्राक्षप्रक्रियेचे धोरण २००१ मध्ये आले, त्यानंतर जिल्ह्यात वाइनरींची संख्या वाढली. सुलाच्या टेस्टिंग रूममध्ये गर्दी असते, पण फेरी नीट घडवतात आणि प्रथमच जाणाऱ्याने या दिवसाची सुरुवात तेथूनच करावी, कारण द्राक्ष येण्यापासून बाटली भरेपर्यंतचा सगळा मार्ग एका जागी पाहायला मिळतो. तेथे शेनिनची साधी बाटली आणि त्याच द्राक्षाची लेट हार्वेस्ट वाइन शेजारी-शेजारी मागवावी. दुसरी वाइन उशिरा तोडलेल्या, साखर दाटलेल्या द्राक्षांपासून होते, आणि एकच द्राक्ष किती दूर जाऊ शकते हे या जोडीइतके दुसरे काही दाखवत नाही. जवळच गंगावऱ्हे येथे यॉर्क आणि सोमा या दोन वाइनरी आहेत. यॉर्क २०२१ पासून सुलाच्या मालकीची आहे, तरी तिथले वातावरण निवांत आहे आणि धरणाच्या पाण्याकडे तोंड करून बसता येते. प्रश्न विचारायचे असतील तर ते अशा लहान ठिकाणी विचारावेत.

तिसऱ्या दिवशी निवड करावी लागते. इगतपुरीच्या बाजूला, मुकणे धरणाजवळ सांजेगाव परिसरात, व्हालोने आणि ग्रोव्हर झाम्पा या वाइनरी आहेत. सह्याद्री जवळ असल्याने या तालुक्यात पाऊस जिल्ह्यातील इतर भागांपेक्षा कितीतरी जास्त पडतो. व्हालोने ही लहान वाइनरी असून वाळवलेल्या शेनिनच्या द्राक्षांपासून ती एक गोड वाइन बनवते. आदल्या दिवशीच्या लेट हार्वेस्टशी तिची तुलना करता येते आणि शेनिनचा धागा येथे पूर्ण होतो. दुसरा पर्याय पूर्वेकडील निफाडचा. हा पर्जन्यछायेचा, काळ्या जमिनीचा तालुका आहे आणि हिवाळ्यात येथे पारा जिल्ह्यात सर्वांत खाली उतरल्याच्या बातम्या दरवर्षी येतात. कुंदेवाडीच्या रेवेलो वाइनरीने येथे सांजोव्हेजे, नेरो दाव्होला आणि ग्रिलो ही इटालियन द्राक्षे लावली आहेत. विंचूरला शासनाने वसवलेले वाइन पार्कही याच बाजूला आहे, परंतु पर्यटकाला तेथे पाहण्यासारखे फार नाही. पहिल्या प्रवासात इगतपुरी घ्यावी. निफाड दुसऱ्या खेपेला.

वाइनरीत काय पाहावे आणि काय विचारावे

तोडणीच्या दिवसांत सकाळी लवकरची वेळ मागावी. द्राक्षे उन्हाआधी हाताने तोडून क्रेटमधून आणली जातात आणि गरम होण्याआधी आत घेतली जातात. पांढऱ्या वाइनसाठी द्राक्षे प्रथम दाबून रस वेगळा करतात आणि तो पोलादी टाक्यांत, साधारण १२ ते १६ अंशांवर, सावकाश आंबवतात. लाल वाइनसाठी रस सालींसह आंबवला जातो आणि तापमान अधिक ठेवले जाते, त्यामुळे सालींतील रंग आणि टॅनिन, म्हणजे तुरटपणा देणारे द्रव्य, उतरते. टाकीवर तरंगून वर आलेली साल पुन्हा रसात बुडवण्याचे काम चालू असेल तर तेथे थांबून पाहावे. त्या क्षणी येणारा वास पुढे बाटलीत सापडत नाही.

स्पार्कलिंगबाबत एकच प्रश्न विचारावा: बुडबुडे आणणारे दुसरे आंबवणे बाटलीत झाले की टाकीत? बाटलीत झाले असेल, तर गाळ तोंडाशी आणण्यासाठी बाटल्या हळूहळू फिरवल्या जातात, मग गाळ काढून बाटली पुन्हा बंद होते. अशा वाइनला मृत यीस्टच्या सहवासाने भाजलेल्या पावाचा सूक्ष्म वास येतो. पिंपांच्या खोलीत ओक फ्रेंच आहे की अमेरिकन, नवा की वापरलेला, हे विचारावे. साधारणपणे २२५ लिटरचे पिंप वापरतात आणि नव्या ओकचा व्हॅनिलासारखा वास द्राक्षाला झाकून टाकू शकतो. महाग बाटली म्हणजे अधिक ओक, असे समीकरण आपल्याकडे काही ठिकाणी रूढ झाले आहे आणि ते मला पटत नाही.

चाखण्याची रीत

सकाळी अत्तर, सुवासिक तेल आणि तंबाखू-पान टाळावे. दात घासल्यानंतर किमान तासभर जाऊ द्यावा. रिकाम्या पोटी चाखू नये, पण तोंडात मसाल्याची चवही नको. याच कारणाने नाशिकची मिसळ चाखण्याच्या सकाळी खाऊ नये. मिरचीतील कॅप्सेसिन आणि अल्कोहोल एकत्र आले की जळजळ वाढते आणि पुढचे दोन तास जिभेला तुरटपणाशिवाय काही कळत नाही. मिसळ परतीच्या दिवशी सकाळी खावी, तिला तो मान आहेच. वडोदऱ्याहून निघताना लिलो चिवडा आणि भाकरवडी पिशवीत भरण्याची आपली सवय असते, ती गाडीतल्या प्रवासापुरती ठेवावी. टेस्टिंगच्या टेबलावर बिनमिठाचा पाव आणि साधे पाणी पुरे.

क्रम असा ठेवावा: स्पार्कलिंग, कोरडी पांढरी, रोझे (गुलाबी), हलकी लाल, पिंपात मुरलेली लाल आणि सर्वांत शेवटी गोड. गोड वाइन आधी घेतली की तिच्यानंतरची कोरडी वाइन नाहक आंबट लागते. तापमानाबद्दल संकोच न करता बोलावे. पांढरी ८ ते १२ अंशांवर आणि लाल १४ ते १८ अंशांवर हवी. ‘लाल वाइन खोलीच्या तापमानाला’ हा नियम युरोपातील जुन्या थंड घरांचा आहे. फेब्रुवारीच्या दुपारी नाशिकची खोली २८ अंशांची असते आणि त्या तापमानाला शिराझमधून अल्कोहोलचा भपका तेवढा वर येतो. लाल बाटली दहा-पंधरा मिनिटे बर्फाच्या बादलीत ठेवायला सांगावी.

पेला दांडीला धरावा, म्हणजे हाताची ऊब वाइनला लागत नाही. प्रथम पांढऱ्या कागदावर तिरपा धरून रंग पाहावा. पांढरी वाइन जुनी होत जाते तशी गडद होते, लाल जुनी होत जाते तशी फिकट विटकरी होते. नंतर पेला न हलवता वास घ्यावा, मग एकदा गोल फिरवून पुन्हा घ्यावा, आणि दोन वासांत काय बदलले ते लिहावे. वास ओळखताना पुस्तकातील परदेशी फळांची नावे शोधत बसू नये. गूजबेरी कधी न खाल्लेल्या माणसाने ती वाइनमध्ये शोधणे व्यर्थ आहे. पेरू, कवठ, बोर, करवंद, जांभूळ, मध, गवती चहा, काळी मिरी, लवंग, पहिल्या पावसाची माती, हा आपला वासांचा साठा पुरेसा समृद्ध आहे. ओल्या पुठ्ठ्याचा किंवा बुरशीचा वास आला तर बाटली बिघडलेली असू शकते. ती बदलून मागणे हा शिष्टाचाराचा भंग नाही. भारतात पुष्कळ बाटल्यांना स्क्रू कॅप असते, त्यामुळे कॉर्कमुळे येणारा हा दोष येथे कमी भेटतो.

आता छोटा घोट घेऊन तो तोंडभर फिरवावा. आंबटपणा किती हे लाळ किती सुटते यावरून कळते आणि तुरटपणा किती हे हिरड्या किती कोरड्या पडतात यावरून. गोडी जिभेच्या टोकाला जाणवली तरी लगेच साखर आहे असे समजू नये. पिकलेल्या फळाचा वासही जिभेला गोडीचा भास देतो, म्हणून नाक चिमटीत धरून पुन्हा एक थेंब चाखावा. घोट गिळल्यावर किंवा थुंकल्यावर चव किती सेकंद टिकते ते मोजावे. थुंकण्याचे भांडे टेबलावर ठेवलेले असते आणि ते वापरणे हीच जाणकारांची रीत आहे. आपल्याकडे लोक त्याला लाजतात, मग चौथ्या पेल्यानंतर सर्वच वाइन त्यांना सारख्याच उत्तम वाटू लागतात. गर्भवती स्त्रियांनी वाइन मुळीच चाखू नये. मेट्रोनिडाझोलसारखी औषधे चालू असणाऱ्यांनीही ती टाळावी, आणि मधुमेहाची औषधे घेणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय चाखू नये.

प्रत्येक वाइनसाठी वहीचे अर्धे पान ठेवावे. वाइनरी, गाव, द्राक्ष, साल, टक्केवारी आणि पिंप की टाकी, हे लेबलवरून व विचारून लिहावे. खाली वास, आंबटपणा, तुरटपणा, टिकाव यांच्या एकेक ओळी असाव्यात. सर्वांत शेवटी पूर्ण वाक्यात एक मत लिहावे, उदाहरणार्थ ‘कालच्या दिंडोरीच्या शिराझपेक्षा हिच्यात मिरी कमी आणि फळ अधिक आहे’. ‘छान’, ‘मस्त’, ‘झकास’ हे शब्द वहीत येऊ देऊ नयेत. घरी पोहोचल्यावर त्यांतून काहीही परत उभे राहत नाही. फोनमध्ये लेबलचे छायाचित्र घेतल्यास लिहिण्याचे अर्धे काम वाचते. आणि एकाच गटातील चौघांनी आपापली टिपणे आधी लिहून मगच बोलावे, कारण पहिल्याने ‘पेरू’ म्हटले की उरलेल्या तिघांनाही पेरूच लागतो.

जेवणाची जोडही तेथेच आजमावून घ्यावी. किंचित गोडसर शेनिन आपल्या आंबटगोड आमटीबरोबर आणि ढोकळ्याबरोबर चांगले जुळते. पनीरच्या सौम्य पदार्थांना सोव्हिन्यों ब्लांक, कोळशावर भाजलेल्या मटणाला शिराझ. तिखट रश्श्याबरोबर तुरट लाल वाइन घेऊ नये. तेथे स्पार्कलिंग किंवा गोडसर पांढरी अधिक निभावते. लेट हार्वेस्ट श्रीखंडाबरोबर घेतल्यास श्रीखंडाची गोडी वाइनला मारते, हे पुष्कळांना अनपेक्षित वाटते. तिच्याबरोबर खारे चीज घ्यावे.

नाशिकच्या पुढे

ही दोन द्राक्षे नाशिकमध्ये ओळखीची झाली, की देशातील इतर खोऱ्यांना जाण्यात अर्थ आहे. सोलापूर जिल्ह्यात अकलूजच्या परिसरात फ्रातेल्ली वाइनरी आहे. इटालियन आणि भारतीय कुटुंबांच्या भागीदारीतून ती २००७ मध्ये उभी राहिली आणि तिच्या सांजोव्हेजेसाठी व सेत्ते या लाल वाइनसाठी ओळखली जाते. तेथे जाताना एक मुक्काम बागेतच करावा, कारण आसपास दुसरी वाइनरी नाही. कर्नाटकात बंगळूरजवळच्या नंदी हिल्सच्या पायथ्याशी ग्रोव्हर यांनी १९८८ मध्ये फ्रेंच जातींची लागवड केली होती. नाशिकपेक्षा अधिक उंचीच्या त्या पठारावरील काबेर्ने (हेही एक लाल द्राक्ष) आणि शिराझ यांची ला रिझर्व्ह ही वाइन नाशिकच्या शिराझनंतर चाखावी. कर्नाटकातच हंपीच्या बाजूला क्रस्मा ही वाइनरी आहे. वडोदऱ्याहून बंगळूरला विमानाने जाऊन नंदीची फेरी दोन दिवसांत होते. अकलूजला पुण्याहून रस्त्याने जावे लागते. या दोन्ही ठिकाणी जाताना नाशिकची वही बरोबर न्यावी आणि शिराझची पाने उघडी ठेवूनच पहिला पेला मागवावा.